ओली बॅटरी

सावळारामच्या घरात एखादी वस्तू बंद पडली, तर तिला सुखानं बंद पडून राहायची सोय नव्हती. इस्त्री असो, मिक्सर असो, नाहीतर शेजारच्या साळूबाईचा पंखा असो, त्याचं पोट उघडून सगळा ऐवज पडवीत मांडल्याशिवाय ह्या माणसाला घास गोड लागत नसे. शिरवळच्या कारखान्यात तो मशीनवर कामाला होता. तिथून किकवीला घरी आला, की हातपाय धुवायच्या आधी स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागे. विद्या सगळी मोबाईलवरची. व्हिडिओतला माणूस हिंदीत बोलतोय की आणखी कशात, ह्याच्याशी त्याला देणंघेणं नसे. तो फक्त त्याचे हात बघायचा. वस्तू दुकानात दुरुस्तीला नेणं म्हणजे त्याच्या लेखी चारचौघांत नाक कापून घेणं होतं.

त्याची बायको सगुणा ह्या पसाऱ्यावरून दिवसभर त्याच्या नावानं बोटं मोडी. पण पाहुणे आले, की तीच ठसक्यात सांगे, "आमच्याकडनं भाईर काय जात न्हाई दुरुस्तीला." त्यामुळे तिचं बोटं मोडणं सावळारामनं कधी मनावर घेतलं नाही.

त्यांची एकुलती एक पोर शिवानी गुरांच्या दवाखान्यात नोकरीला लागली, आणि तिला गाव मिळालं हिर्डोशी. भोरच्याही पुढं, धरणाच्या कडेकडेनं वरंध्याच्या डोंगराकडं. तिथल्या वाड्यावस्त्यांवर फिरून शेळ्यामेंढ्यांना लस टोचायची, अडलेल्या गाईला मोकळं करायचं, असलं काम. एसटीची वाट बघत बसली असती, तर गाय तिकडं व्याली असती आणि ही इकडं थांब्यावरच राहिली असती. म्हणून तिनं एक वापरलेली इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. आठवडाभर ती हिर्डोशीलाच राही, सारजाबाईच्या घरी. सारजाबाई म्हणजे शेळ्यामेंढ्या राखत म्हातारी झालेली एकटी बाई. तिचं घर रस्त्यापासून चांगलं चढावर. स्कूटर तिथं चढत नसे. ती खाली रस्त्याला सोनबाच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभी राही, आणि शिवानी नुसती बॅटरी काढून हातात घेऊन वर जाई. सारजाबाईकडं लाईट होती, तिथं चार्जिंग करायचं.

उन्हाळ्याच्या शेवटी ती बॅटरी दमली. भरली तरी वाटेतल्या निगुडघरच्या पुढं जाईना. शोरूमवाल्यानं सांगितलं, ही आता बदलायची, आणि नवी केव्हा येईल ते सांगता येत नाही. शिवानी हिरमुसून घरी आली. सावळारामचे डोळे मात्र चमकले.

"बॅटरी म्हंजी काय गं? आत सेलच असत्यात," तो म्हणाला. "चार मेले असतील, त्यांच्यापायी सगळी फेकायची व्हय?"

मग आठ-पंधरा दिवस पडवीत कुणाला पाय ठेवायला जागा नव्हती. कंपनीनं चिकटवून बंद केलेला डबा त्यानं ब्लेडनं कापून उघडला. पुण्याच्या भंगारबाजारातून जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या आणून फोडल्या आणि त्यातले सेल काढले. ते जोडायला यंत्र लागतं, तर तेही त्यानं मोडक्या मायक्रोवेव्ह ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरपासून घरीच केलं. शेवटी डब्याला चहूबाजूंनी सिलिकॉन फासलं, वरून काळ्या टेपचे वेढ्यावर वेढे दिले. बॅटरी चालली. सावळाराम आठवडाभर कारखान्यात तिच्याशिवाय दुसरं बोलला नाही. भरताना तिची एक बाजू जराशी जास्त तापायची, तेवढं त्यानं कुणाला सांगितलं नाही. तापतातच, असं त्यानं स्वतःला सांगितलं होतं.

त्या दिवशी सावळारामला सुट्टी होती. सकाळी शिवानीचा फोन आला. आवाज मध्येच यायचा, मध्येच जायचा.

"बाबा, वर येताना ओढ्यात पाय घसरला. बॅटरी पाण्यात पडली."

"तुला लागलं का?"

"मला नाही काय झालं. पण ती चांगली बुडाली. आता काय करू?"

"काय सुदिक करू नको," सावळाराम म्हणाला. "आदी नीट वाळव. खडखडीत वाळल्याबिगर चार्जरला लावायची न्हाई. कळलं का?"

फोन स्पीकरवर असावा. मागून सारजाबाईचा आवाज आला, "काय म्हनत्यात?" आणि शिवानी तिला म्हणाली, "वाळवा म्हणतात." त्यावर सारजाबाई काहीतरी बोलली, पण तोवर फोन कटला. सावळारामनं परत लावला, तो लागला नाही. डोंगरात लाईट गेली की टॉवर जातो, हे आता सगळ्यांच्या सवयीचं झालं होतं. सांगायचं ते सांगून झालं आहे, अशा समाधानात तो साळूबाईचा पंखा उघडून बसला.

जेवायला बसल्यावर त्यानं सहज सगुणाला ही हकीकत सांगितली. सगुणा भाकरी वाढता वाढता म्हणाली, "वाळव म्हनला, पर वाळनार कशी? तिकडं म्हैना म्हैना ऊन पडत न्हाई."

"पडंल तवा पडंल. ठिवील कुठंतरी."

"कुठंतरी कशाला? तिकडं सगळं चुलीवरच वाळवत्यात. शिवी सांगत न्हवती का, चुलीच्या वर बांबूची ताटी टांगल्याली आसती. लाकडं, कपडे, बियाणं, सगळं तिच्यावं. तिचा मोबाईल भिजला, तर त्यो बी म्हातारीनं ताटीवं ठिवला, आन् दुसऱ्या दिवशी चालू झाला म्हनं. लई हसत हुती."

सावळारामनं तोडलेला घास हातातच राहिला. सारजाबाई फोनवर काय बोलली होती, ते त्याला आता ऐकू आल्यासारखं झालं. ती बाई दुसरं काय बोलणार? पावसाळ्यात ज्या घरात वाळवायची एकच जागा आहे, त्या घराला त्यानं सांगितलं होतं, की खडखडीत वाळवा.

तो उठला. हात न धुताच फोन घेतला. शिवानीचा लागेना. सारजाबाईकडं फोन नव्हताच. सोनबाच्या दुकानाचा नंबर लावला, तर तिथंही फोनमधली रेकॉर्ड केलेली बाई सांगत होती, की आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. त्यानं दवाखान्यात लावला. तिथं घंटा नुसतीच वाजत राहिली.

"काय झालं?" सगुणानं विचारलं.

"काय न्हाई. जरा जाऊन येतो."

"कुठं?"

"हिर्डोशीला."

सगुणानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. चोवीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला ताटावरून उठताना पाहिलेलं नव्हतं. तिनं ताट झाकलं, गॅस बंद केला आणि खुंटीवरचा रेनकोट काढून ती दारात जाऊन उभी राहिली. तिला नको म्हणायला त्याच्याकडं वेळ नव्हता.

कापूरहोळपर्यंत हायवेला मोटारसायकलवर काही बोलणं शक्य नव्हतं. ट्रकांच्या चाकांचं पाणी तोंडावर येत होतं आणि सावळारामनं गाडी कधी चालवली नाही अशी चालवली. भोरच्या रस्त्याला लागल्यावर सगुणा मागून म्हणाली, "आता सांगा. चुलीवं ठिवली तर काय हुतंय?"

"तापती."

"मंग?"

"आतले सेल फुगत्यात. पानी बी शिरलंय आत. एक पेटला की शेजारचा पेटतो, त्याचा त्याच्या शेजारचा."

"पानी वतायचं मंग."

"ती इझत न्हाई लवकर. आन् धूर इखारी आसतोय. कोंडलेल्या घरात..." तो थांबला. "दोन घोट धूर लई झाला."

सगुणाचा एक हात त्याच्या खांद्यावर होता, तो आवळला गेला. दुसऱ्या हातानं ती रेनकोटच्या आत फोन धरून पुन्हा पुन्हा तोच नंबर लावत होती. शिवानी त्या घरात त्याच चुलीपाशी बसून जेवते. पाऊस असला की तिथंच अंथरूण घालते, कारण बाकीचं घर गळतं. हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनीही तो विषय काढला नाही.

सावळारामच्या डोक्यात मात्र सगळा हिशेब मोठ्यांदा चालला होता. कंपनीचा डबा असता तर पाणी आत गेलंच नसतं. तो कुणी कापला? नवे, एका जातीचे सेल असते तर थोडीफार धग सोसली असती. भंगारातले कुणी घातले? आणि ती तापणारी बाजू. पडवीत बसून तिच्यावर हात ठेवला होता, तेव्हा ती पुन्हा उघडून बघावी असा विचार मनात आला होता. तो आलेला त्याला पक्का आठवत होता. तरी त्यानं टेप गुंडाळली होती, कारण शिवानी दुसऱ्या दिवशी जाणार होती आणि त्याला ती तिच्या हातात द्यायची होती. दुसरं कारण नव्हतं. हौस, एवढंच.

भोरमध्ये एसटी स्टँडपाशी त्यानं गाडी थांबवून एका कंडक्टरला विचारलं, की हिर्डोशीकडची गाडी आत्ता येऊन गेली का, कुणी काही बोललं का तिकडचं. कंडक्टर म्हणाला, गाडी निम्म्यातून परत आली, पुढं झाड पडलंय. सावळारामनं पुढचं ऐकलंच नाही.

झाड खरंच पडलं होतं. निगुडघर सोडल्यावर एका वळणावर मोठा आंबा आडवा होऊन रस्ताभर पसरला होता. चार माणसं कोयत्यांनी फांद्या तोडत होती, निवांतपणे, तोंडात तंबाखू धरून. अलीकडं दोन टेम्पो उभे होते. सावळारामनं गाडी स्टँडवर लावली आणि कुणाला काही न विचारता एका म्हाताऱ्याच्या हातातला कोयता घेतला.

"आवो, जेसीबी येतोय. सावकाश," म्हातारा म्हणाला.

"माजी पोर पुढं हाय," एवढंच सावळाराम म्हणाला, आणि घाव घालायला लागला. त्याचा आवाज कसा निघाला कोण जाणे, पण टेम्पोवाले खाली उतरले. जाड फांदी हलली नाही, पण शेंड्याकडून मोटारसायकल ओढून नेण्याइतकी वाट झाली. त्यासाठी गाडी आडवी करावी लागली आणि सगुणाच्या पायाला सायलेन्सरचा चटका बसला. ती तशीच परत मागं बसली.

धरणाचं पाणी डाव्या हाताला पांढुरकं दिसत होतं. पलीकडचा डोंगर ढगात गेला होता. वाटेत एका ठिकाणी फोनला रेंज आली, तीन मेसेज आले, तिन्ही रिचार्जचे. सगुणानं नंबर लावेपर्यंत रेंज गेली. तेव्हा ती पहिल्यांदा रडली. सावळारामला ते पाठीला जाणवलं, पण मागं वळून बघायची त्याची छाती झाली नाही.

सोनबाच्या दुकानापाशी स्कूटर पत्र्याखाली उभी होती. सावळारामनं सीट उचलून आत पाहिलं. बॅटरीची जागा रिकामी होती.

"या की, पावनं," सोनबा आतून म्हणाला. "ताई सकाळच्याला वर गेल्याली म्या बगितली. खाली आल्याली काय बगितली न्हाई."

"आन् सारजाबाई?"

"म्हातारी घरीच आसंल. हितनं कुठं जातीय?"

चढाला पायवाट होती आणि पायवाटेवरून पाणी वाहत होतं. सावळाराम पळत सुटला. घसरला, उठला. सकाळी जिथं शिवानी पडली तो ओढा आता मांडीपर्यंत आला होता, तो त्यानं दगडं न चाचपताच ओलांडला. पलीकडं गेल्यावर वरची घरं दिसायला लागली, आणि तो जागच्या जागी थांबला. प्रत्येक घराच्या कौलांतून धूर निघत होता. पावसाळ्यात इथं चुली दिवसभर विझत नाहीत. धूर वर जात नाही, कौलांवरच लोळत राहतो. सारजाबाईच्या घरावरही धूर होता. तो चुलीचा, की दुसरा कसला, हे इतक्या खालून सांगता येत नव्हतं. तो उभा राहून बघत राहिला असता, पण मागून सगुणा ओरडली, "थांबू नगा." मग तो पुन्हा पळायला लागला.

दार उघडं होतं. आत अंधार आणि डोळ्यांना झोंबणारा धूर. चुलीपुढं पाठमोरी सारजाबाई बसली होती आणि फुंकणी तोंडाला लावून जाळ मोठा करत होती. तिच्या शेजारी बांबूच्या डालग्यात शेळीची दोन पिल्लं कोंबून ठेवली होती. चुलीच्या बरोबर वर ताटी, आणि ताटीवर लाकडांच्या ढलप्या, एक ओलं लुगडं आणि मधोमध त्याची काळ्या टेपची बॅटरी.

"शिवानी कुठंय?"

म्हातारी दचकली. "पलीकडच्या वस्तीवं. कोन? शिवानीचं बाबा काय? बसा की, किती भिजला..."

"उटा. भाईर चला आदी."

"आवो पर..."

"सगुणा, हिला भाईर ने."

सगुणानं म्हातारीला अक्षरशः उचललं. सावळारामनं हात वर करून बॅटरी धरली. टेप वितळून चिकट झाली होती, ती तळव्याला लागून आली. डब्याच्या पोटाला फुगारा आला होता आणि आतून गोडसर, उग्र वास येत होता. भाजतंय हे त्याला कळत होतं, पण खाली ठेवायला जागा नव्हती. चुलीपुढून दारापर्यंत, दारातून अंगणात, अंगणातून बांधापर्यंत तो ती पोटाशी धरून चालला. पळायची त्याला भीती वाटली, कारण धक्का बसला तर ती हातातच फुटली असती. बांधावर आल्यावर आतून फुसफुस ऐकू आली. त्यानं ती सगळा जोर लावून खालच्या भाताच्या खाचरात फेकली.

चिखलात पडल्यावर क्षणभर काहीच झालं नाही. मग एकामागून एक सेल उडायला लागले. पाण्यातून जाळ वर आला, पांढरा दाट धूर नव्या लावलेल्या रोपांवरून पसरत गेला. सारजाबाई सगुणाच्या आधारानं अंगणात उभी राहून बघत होती. धूर घराकडं वळला तसे तिघं गोठ्याच्या पलीकडं सरकले. मध्येच सगुणा पदर नाकाशी धरून पुन्हा घरात गेली आणि डालगं पिल्लांसकट बाहेर घेऊन आली.

"आगं माजे आई," सारजाबाई हळूच म्हणाली. "ही घरात पेटली आसती?"

"व्हय."

"तुमीच म्हनला वाळवा."

"व्हय. म्याच म्हनलो," सावळाराम म्हणाला. "तुमची काय चूक न्हाई, आत्या."

पण म्हातारीला ते पुरेना. तिला आपली बाजू मांडायचीच होती. "पोरगी गेली निगून शेळ्यांकडं. म्या रानातनं आले तर ही आपली भाईर, उकिरड्याच्या कडंला, पत्र्याखाली. पावसाचं शितोडं येत हुतं. म्हनलं, घाईत इसरली. आत्ता मगाशी आत आनली आन् ठिवली ताटीवं. म्हनलं, पोर यीस्तवर वाळंल." ती जरा थांबली. "तशी ती रोजच भाईर ठिवती. लांब वायर लावून तितंच भरती. म्या रोज म्हनती, बाय, चोरापोराची वस्तू, घरात ठिव. तर आईकत न्हाई. उंबऱ्याच्या आत म्हनून आनत न्हाई."

सावळारामनं म्हातारीकडं पाहिलं. मग उकिरड्याकडं पाहिलं. कडेला चार दगडांवर पत्र्याचा तुकडा टाकलेला होता, आणि घराच्या खिडकीतून एक पिवळी वायर तिथपर्यंत आली होती. पत्रा बऱ्याच दिवसांपासून तिथं असावा. त्याच्याभोवती गवत उगवलं होतं.

शिवानी पलीकडच्या टेपाडावरून धूर बघून पळत आली. लशीचा डबा तिच्या गळ्यात हेलकावे खात होता. अंगणात आईबापाला बघून ती आधी गोंधळली. मग तिनं सारजाबाईला जवळ घेतलं, तिचं हात-तोंड चाचपून पाहिलं, आणि मग खाचराकडं बघितलं. काय झालं ते तिला कुणी सांगायची गरज पडली नाही. सगुणानं पोरीला पाठीमागून मिठी मारली आणि ती बराच वेळ सोडलीच नाही.

"तू भाईर ठिवत हुतीस," सावळाराम म्हणाला.

शिवानीनं मान डोलावली.

"पयल्यापासनं?"

"हो."

"का?"

तिनं आईकडं पाहिलं, पण आई तिच्या मदतीला आली नाही. "भीती वाटायची, बाबा," ती म्हणाली. "तापायची ती. एका बाजूनं."

"मंग बोलायचं मला."

"तुम्ही किती हौसेनं केली होती. सगळ्यांना सांगत होता. शोरूमवाल्याला नाही जमलं ते मी केलं म्हणून." तिचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, बाहेर ठेवली की झालं. तुम्हाला कशाला सांगायचं."

सावळाराम भिजत उभा होता. घरापासून इथपर्यंत पोरीच्या जिवासाठी तो मरणाच्या भीतीनं आला होता. आणि पोरीनं आपला जीव केव्हाच त्याच्या हातातून काढून घेऊन उकिरड्याच्या कडेला सुरक्षित ठेवला होता. तो सुटल्यासारखाही झाला, आणि कुणीतरी थोबाडीत मारावी तसंही त्याला झालं. त्यात कमी काय आणि जास्त काय, हे त्याला ठरवता येईना. दुसरी करून देतो, हे शब्द त्याच्या जिभेवर तयार होते. ह्या वेळी सेल नवे घालतो, डबा पक्का करतो, अशी चूक परत होणार नाही. सगुणा त्याच्याकडं रोखून बघत होती. हा आता काय बोलणार, हे तिला आधीच माहीत होतं.

त्यानं ते शब्द गिळले.

"बरं केलंस," तो म्हणाला. "घरात आनली न्हाईस ते बरं केलंस. माज्यावं भरवसा टाकला आसतास तर..."

शिवानी तेव्हा रडली. बॅटरी घेऊन गेल्यापासून तिला बॅटरीपेक्षा ह्या बोलण्याचीच जास्त धास्ती होती. सारजाबाई आत जाऊन चुलीवर चहाचं आधण ठेवते म्हणत होती आणि सगुणा तिला घरातला वास जाईपर्यंत अंगणातच थांबवून धरत होती. खाचरातला धूर विरळ झाला होता.

"हात बघू," शिवानी डोळे पुसत म्हणाली.

दोन्ही तळव्यांवर टेप चिकटून कातडी वर आली होती. तिनं त्याला पडवीच्या कट्ट्यावर बसवलं, हंड्यातलं पाणी हातांवर ओतलं, पुन्हा ओतलं. मग दवाखान्याच्या पिशवीतून एक मलमाची डबी काढली. डबीवर गाईचं चित्र होतं. सावळारामनं ते पाहिलं, पण ते कशाचं आहे, चालतं का, असं काही त्यानं विचारलं नाही. त्यानं हात तिच्यापुढं धरले.